दशम्या

नेवाशाच्या मिशन शाळेतल्या शांतवन मास्तरांनी पाटीवर दोन रकाने आखले, मुंबई आणि पुणे. एकोणपन्नास सालचा जून लागला होता. लेकीला दोन्हीकडून प्रवेशाची पत्रं आली होती, उद्या निघायचं होतं, पण विद्यापीठ ठरत नव्हतं. “मुंबईचं नव्वद वर्षांचं, नावाजलेलं. पुण्याचं यंदाच जन्मलेलं, पण जवळ. भाकरीचा डबा एस्टीनं त्याच दिवशी पोचेल,” असं म्हणत त्यांनी पुण्याखाली रेघ ओढली. मार्थाचं मन मुंबईत होतं, पण बापापुढं जीभ रेटेना. चुलीपुढं आई वाटेच्या शिदोरीसाठी ज्वारीचं पीठ घेऊन बसली होती. तिनं लेकीच्या तोंडाकडं पाहिलं, पाण्याचा तांब्या बाजूला सारला आणि पिठात दूध ओतलं. “दशम्या कशाला?” मास्तर म्हणाले. “पुण्याला साधी भाकरी पुरते.” “व्हय,” पीठ मळता मळता आई म्हणाली, “पन मुंबईपतुर साधी भाकर टिकत न्हाई.”