दाभोळचे काका

"काका, तुम्ही नसतात तर आज आम्ही सगळे मेलो होतो," सलिलने पुण्याहून लिहिलं आणि इकडे रत्नागिरीत हरिहरपंतांच्या पोटात दुखलं.

आता यात दुखण्यासारखं काय? काका म्हणजे हरिहरपंत स्वतःच आणि सलिल त्यांचा एकुलता एक मुलगा. पण मुलाला ते ठाऊक नव्हतं. त्याच्या लेखी इंटरनेटवरच्या खेळातला तो पांढऱ्या दाढीचा योद्धा म्हणजे दाभोळचे कुणी आत्मारामकाका. आणि पोरगा या काकांवर जीव टाकत होता. बापाला जळायला एवढं पुरतं.

सुरुवातही जळण्यातूनच झाली होती. दिवाळीला सलिल घरी आला तो कॉम्प्युटरलाच चिकटला. बापाशी बोलायला त्याच्याकडे 'हो', 'नाही' आणि 'बघू' एवढाच ऐवज. खेळातल्या ओळख ना देख अशा पोरांशी मात्र रात्ररात्र खिदळणं. सुट्टी संपली, तो नोकरीवर परत गेला. घरच्या कॉम्प्युटरवर खेळ तसाच राहिला. हरिहरपंतांचा जन्म जिल्हा परिषदेत टायपिंग करण्यात गेलेला, बोटं तयार होती. त्यांनी खोटं नाव घेतलं आणि चाचपडत खेळ शिकले. नवख्या म्हाताऱ्याला कुठलंच गिल्ड घेईना, तेव्हा त्यांनी स्वतःचंच काढलं. गिल्ड म्हणजे खेळातली टोळी. सगळ्यांनी मिळून राक्षसांच्या गुहेवर चाल करून जायचं. नाव ठेवलं 'राखण', वेळ रात्री दोननंतरची. ब्रॉडबँड नुकतंच घरोघर आलं होतं आणि दोननंतर ते फुकट असे, हे लोकांना सांगायचं कारण. खरं कारण असं, की सलिलचं ऑफिस अपरात्री सुटतं हे बापाला ठाऊक होतं. त्यांनी गळ टाकला आणि मासा लागला.

लागला, पण काकांना. काकांचा माईक कायम बिघडलेला, त्यामुळे बोलणं सगळं लिहून. सलिल लिहायचा तरी किती. साहेब कसा खेकसतो, झोप कशी येत नाही, खानावळीतली आमटी कशी पाण्यासारखी असते. आणि रविवारी घरी फोन. "बरा आहेस?" "हो." "जेवलास?" "हो. ठेवतो." की हरिहरपंत दिवसभर चरफडत. एकदा तर रागाच्या भरात त्यांनी आत्मारामकाकांना मुद्दाम ड्रॅगनच्या तोंडी दिलं. म्हटलं, एकदाची ब्याद जाऊ दे. तर सलिलने स्वतःजवळची सगळी औषधं ओतून काकांना जिवंत केलं. गेल्या पावसाळ्यात पंत हिवतापाने आडवे झाले होते, तेव्हा हाच पोरगा फोनवर "डॉक्टरकडे जा" एवढंच म्हणाला होता.

आज गुहा सर झाली. बाकीचे झोपायला गेले. सलिल रेंगाळला.

"काका, एक विचारू? मला नोकरी सोडून घरी यायचंय. आमची आंब्याची बाग बाबांनी कराराने दुसऱ्याला दिल्येय, ती मला स्वतः करायची आहे. पण बाबांना सांगायची छाती होत नाही. मला नोकरी लागली तेव्हा त्यांनी आळीभर पेढे वाटले होते. आणि आंब्यात काय ठेवलंय, हे तर त्यांचं रोजचं."

हरिहरपंतांनी ते पुन्हापुन्हा वाचलं. पोरगा आता परत येत नाही अशी खात्री पटली, तेव्हाच त्यांनी बाग दिली होती. त्या दिवशी ते जेवले नव्हते. आंब्यात काय ठेवलंय, हे ते स्वतःचीच समजूत घालायला म्हणत.

'ये' एवढंच लिहायचं होतं. पण हा शब्द त्यांना काकांना द्यायचा नव्हता. बाकी सगळं नेलं त्या दाभोळकराने, एवढं तरी बापाच्या तोंडून जाऊ दे.

"बाबांना सांग. आत्ता फोन लाव," त्यांनी लिहिलं.

"आत्ता? ते घोरत असतील."

"बाप जागाच असतो. लाव तू."

फोन खणखणला. बायको उठायच्या आत त्यांनी तो उचलला. तोंडात 'ये' तयार होतं.

"बाबा, झोपमोड केली का?"

"नाही रे. बोल."

"एक विचारायचं होतं. खूप दिवस मनात आहे." सलिल अडखळत होता. "म्हणजे, आमच्या खेळात एक काका आहेत, दाभोळचे. फार मोठ्या मनाचा माणूस. ते म्हणाले म्हणून फोन केला. नाहीतर तुम्हाला काही विचारायचं माझ्या मनातसुद्धा आलं नसतं."

हरिहरपंतांच्या अंगाची लाही लाही झाली. 'ये' घशातच राहिलं.

"मग त्यांनाच विचार जा," ते म्हणाले. "ते सांगतील तसं कर. आम्हाला कशाला विचारतोस?"

सलिल म्हणाला, "बरं." फोन बंद झाला.

"कुणाचा हो, एवढ्या अपरात्री?" मालिनीताईंनी आतून विचारलं.

"राँग नंबर."

स्वतःच्या जिभेला शिव्या घालत ते कॉम्प्युटरपाशी परतले. सलिल अजून तिथेच होता. त्याने लिहिलं होतं,

"काका, बाबा म्हणाले, तुम्ही सांगाल तसं कर. मग सांगा, येऊ का घरी?"