डावं दार

“आमची गाडी काय म्हणतेय?” निंबाळकरकाका मिरजेहून फोनवर विचारायचे आणि श्रीरंग म्हणायचा, “मस्त जमतेय, काका.”

जमत होतीच, फक्त ती त्यांची नव्हती. त्यांची दोन दारांची जुनी जर्मन गाडी ‘पुन्हा रस्त्यावर आणतो’ असा शब्द देऊन त्याने विकत घेतली, ती स्वतःच्या तसल्याच गाडीला सुटे भाग हवे होते म्हणून. काचा, दिवे आणि डावं दार काढून घेतलं. उरलेला सांगाडा भंगारात गेला.

दसऱ्याला काका झेंडूचा हार घेऊन थेट गॅरेजमध्येच आले. समोर निळीशार गाडी बघून त्यांचे डोळे भरले. श्रीरंगने मान खाली घातली.

काकांनी उजवं दार उघडून लावलं आणि त्याचा परका आवाज ऐकून ते थबकले. मग वळसा घालून डावं लावलं. तोच भरीव, ओळखीचा आवाज आला, आणि त्यांचा हात तिथेच राहिला.

“काका, मी तुम्हाला सांगणारच होतो...”

बॉनेटवर घालायला आणलेला हार काकांनी डाव्या दाराच्या हँडलला बांधला आणि फक्त त्या दाराला नमस्कार केला.