वाचवलेली बॅटरी

शेजारच्या टिळेकरांची इलेक्ट्रिक गाडी पुण्याहून नाशिक गाठते आणि वर वीस टक्के बॅटरी राखते, हे ऐकल्यापासून सबनीस इरेला पेटले होते. म्हणून भाचीच्या लग्नाला पुण्याहून नाशिकला निघालेली त्यांची नवी इलेक्ट्रिक गाडी एसी बंद करून बैलगाडीच्या चालीने चालली होती.

“अहो, मुहूर्त टळेल! मामा आहात तुम्ही. पोरीला बोहल्यावर तुम्हीच न्यायचंय,” बायको पदराने वारा घेत म्हणाली.

“पोचतो गं. आज टिळेकराची जिरवतोच.”

ते कार्यालयात शिरले तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. मामाच्या जागी भाचीच्या शेजारचे कुणी काका उभे राहिले होते. गाडीत पंचवीस टक्के उरले होते, पण ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

भाची पाया पडायला वाकली.

“मामा, गुरुजींना मी दोनदा थांबवलं हो,” ती हळूच म्हणाली.