मेहुण्याची भूमिका

आम्हा खासगी गुप्तहेरांची एक पद्धत आहे. मृत्यू संशयास्पद असला, की माझा मेहुणा मेलेल्याच्या जागी बसून त्याचा शेवटचा तास वठवतो. नाटकवेडाच आहे तो. दरवेळी मरून टाळ्या घेतो.

या खेपेला मेलेला माणूस शास्त्रज्ञ होता. हृदय बंद पडून गेला, हे त्याच्या बहिणीला पटत नव्हतं. तिला घेऊन मी जिना चढलो, तर स्वारी माझ्याआधीच प्रयोगशाळेत हजर! पांढरा कोट चढवून, आमच्याकडे पाठ करून खुर्चीत बसलेली, शीळ घालत पेन्सिलीने चहा ढवळत होती.

बहीण इतक्या दिवसांत पहिल्यांदा खळखळून हसली. "अगदी दादा! चमचा म्हणून कधी सापडायचा नाही त्याला. यांना कुणी सांगितलं हो?"

"कलाकार आहे," मी फुशारून म्हणालो.

शीळ रंगात आली. बहीण ताल धरू लागली. मलाही राहवेना, मी टाळ्या वाजवू लागलो.

तेवढ्यात धापा टाकत मेहुणा जिना चढून वर आला. "दाजी, गाडी लावायला जागाच मिळेना. करायची सुरुवात?"

बहिणीने वळूनही पाहिलं नाही. हसतच ओठांवर बोट ठेवून ती म्हणाली, "थांबा ना जरा. दादाचा चहा व्हायचाय."