व्याह्यांचा नंबर

शिंप्याने मोबाइलवर झटपट मिळणारं कर्ज काढलं आणि तिसऱ्याच हप्त्याला तो अडला. वसुलीवाल्यांनी मग त्याच्या फोनमधल्या प्रत्येक नंबरावर त्याचा फोटो पाठवला, खाली ठळक अक्षरांत ‘चोर’. फोटो कर्ज घेताना त्यानेच काढून दिलेला, त्यामुळे चोर चांगला हसरा आला होता.

सकाळपासून गिऱ्हाइकं आपापलं कापड परत न्यायला लागली. एकाने तर अर्धवट शिवलेला कोटच उचलला. “अहो, दुसरी बाही संध्याकाळी लावून देतो,” शिंपी म्हणाला.

“नको बाबा. आहे ती तरी हाती लागू दे.”

दुपारी बायकोने भीत भीत विचारलं, “व्याह्यांनाही गेला असेल का हो फोटो?”

“त्यांचा नंबर आहे ना फोनमध्ये.”

“मग संपलंच. आता पोरीला आणून सोडतात बघा आपल्या दारात.”

ती बोलतेय तोवर व्याही दारात हजर. पोर सोबत नव्हती, पण त्यांचा चेहरा पार उतरलेला होता. शिंपी मशीनवरून उठला तो हात जोडूनच. “व्याहीबुवा, मला काय हवं ते बोला, पण माझ्या चुकीची शिक्षा लेकीला देऊ नका. पै न् पै फेडतो मी.”

व्याह्यांनी मागे वळून दार लोटलं, आतून कडी घातली आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं,

 

“ते लोक जामीन न मागता, आजच्या आज देतात ना हो कर्ज?”