पाठमोरा विणकर

अलुग्बा कोपऱ्यावर आली आणि विणकर अगोसूने नेहमीसारखं भिंतीकडे तोंड फिरवलं. हातातला धोटा तसाच सोडून.

आज मात्र तिचं डोकं फिरलं. या गल्लीत राहायला आल्यापासून ती हा अपमान गिळत होती. डोक्यावर बोचकं होतं. कायमचं भाचीच्या गावी जायचं, असं तिने सकाळीच ठरवलं होतं.

राजधानी आबोमेत आता तिचं राहिलं तरी काय होतं? राजा गेला, फ्रेंच आले, आणि राजाच्या राण्या म्हणून मान असलेल्या बायकांच्या पलटणीत बंदूक चालवणारी अलुग्बा मक्याचे गोळे पानात बांधून विकू लागली. तरणी पोरं चिडवायची, "आजे, खरंच बंदूक उचलायचीस, की नुसत्या थापा?" ती हसून सोडून द्यायची. मन मात्र मागे धावायचं. काय दिवस होते ते! कवायतीत काटेरी कुंपणावर अनवाणी चढायचं, पायांतले काटे एकमेकींचे काढायचे, काढताना गाणी म्हणायची. नुसतं पाण्याला निघालं तरी पुढे एक पोर घंटा वाजवत चालायची आणि रस्ता मोकळा व्हायचा. त्या मैत्रिणींतली आता एकही उरली नव्हती. अलुग्बाला त्यांची फार आठवण यायची.

ती तरातरा चालत थेट मागापाशी जाऊन उभी राहिली.

"काय हो, मी तुमचं काय घोडं मारलंय? सगळी गल्ली मला हसते, पण निदान माझ्याकडे बघून हसते. तुम्हाला माझ्या तोंडाची एवढी शिसारी?"

म्हातारा गडबडला. पण वळला नाही. भिंतीशीच बोलला.

"शिसारी? काहीतरीच काय, बाईसाहेब! राजाच्या राण्या तुम्ही. तुमच्याकडे पुरुषाने बघायचं नसतं, हे बापाने कान पिळून शिकवलंय मला." मग जरा कुरकुरत म्हणाला, "पूर्वी घंटा वाजायची, वेळेवर वळता यायचं. आता दिवसभर तुमच्या पावलांकडे कान लावून बसावं लागतं."

अलुग्बाचे डोळे भरून आले होते, ते तिने पुसले नाहीत. कोणी बघत नव्हतंच.

तिने डोक्यावरचं बोचकं खाली उतरवलं.

"उद्यापासून घंटा वाजवत येईन," ती म्हणाली.