रिकाम्या घराची रेघ

चार वाजून वीस मिनिटं झाली तरी पडद्यावरची रेघ उठली नाही. अभिजीतनं पुन्हा घड्याळाकडे पाहिलं.

कुवेत सिटीतल्या एका वीजबचतीच्या कंपनीत तो सात वर्षं नोकरी करत होता. बाहेर पन्नास डिग्री. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच सगळा देश एसी लावून बसतो, विजेची मागणी आभाळाला टेकते आणि मग एकेका भागाची वीज घालवायची वेळ येते. यंदा अभिजीतनं त्यावर तोड काढली होती. उन्हाळ्यात कितीतरी कुटुंबं मायदेशी जातात आणि मागे एसी चालूच ठेवतात, सामानाला बुरशी नको म्हणून. मालकांची संमती घ्यायची आणि त्या रिकाम्या घरांचे एसी दुपारभर इथूनच बंद करायचे. कुणाला झळ नाही, कुणाची तक्रार नाही. वरिष्ठांनी पाठ थोपटली आणि खरं सांगायचं तर त्याच्याही अंगावर मूठभर मांस चढलं.

रिग्गईतला लक्ष्मीकांत देवांचा फ्लॅट यादीत पहिला. देव म्हणजे तिथल्या मराठी मंडळींमधलं बडं प्रस्थ. त्यांच्याच दिवाणखान्यात बसून, गवती चहाचे घोट घेत अभिजीतनं संमतीचा अर्ज भरला होता.

"मागे कोण राहणार?" त्यानं विचारलं होतं.

"कोणी नाही. आम्ही चौघंही पुण्याला चाललोय, दोन महिने."

अभिजीतनं राहणाऱ्यांच्या रकान्यात शून्य लिहिलं आणि पुढे आलेल्या ट्रेमध्ये रिकामा कप ठेवला.

एसी बंद असताना पडद्यावरची त्या घराच्या वीजवापराची रेघ आडवी पडायला हवी होती. फार तर फ्रीजचा हलका चढउतार. पण रोज बरोबर चारला ती टुणकन उडायची आणि चार-पाच मिनिटांत खाली बसायची. शेजारच्या खुर्चीवरचा नबील रत्नागिरीचा. तो एकदाच बघून म्हणाला, "विजेची किटली आहे ही. चारच्या ठोक्याला आपल्या माणसांशिवाय चाय कोण पितो?"

अभिजीतनं पुण्याला फोन लावला. देव हसले. "छे हो! आम्ही सगळे इकडेच. घर रिकामं आहे, अगदी शपथेवर सांगतो."

एवढ्या मोठ्या माणसाच्या शब्दावर संशय कसा घ्यायचा? मीटरचा दोष असेल, अशी त्यानं मनाची समजूत घातली. पुढचे आठ दिवस रेघ चारला उठत राहिली आणि तो पाहून न पाहिल्यासारखं करत राहिला.

आज ती उठलीच नाही.

त्यानं त्या घराचा एसी चालू केला, नबीलला आपल्या जागेवर बसवलं आणि गाडी पळवली. स्टिअरिंग हाताला चटके देत होतं. देवा, त्या घरात कोणी नसू दे, तो पुटपुटत होता. इतक्या कळकळीनं त्यानं आयुष्यात काही मागितलं नव्हतं.

पाचव्या बेलनंतर आत काहीतरी सरकलं. दार उघडलं. पन्नाशीची एक बाई भिंतीला धरून उभी होती. डोक्यावर ओला टॉवेल, ओठ फुटलेले. एसीची पहिली गार हवा नुकतीच आत फिरू लागली होती. अभिजीतनं तिला खुर्चीत बसवलं, फ्रीजमधलं पाणी घोट घोट पाजलं. तेव्हा कुठे तिला बोलता आलं.

"रोज दुपारचा एसी बंद पडतोय. आज लईच चक्कर आली, चहा बी केला न्हाई."

"मावशी, मग कुणाला सांगायचं नाही का?"

"सायबांनीच तिकडनं बंद केला आसंल. मी कशाला इचारू?"

मग तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं आणि ओळख पटली तशी ती पदर सावरत उठायला लागली. अभिजीतला मात्र तो चेहरा आधी पाहिल्याचं काही केल्या आठवेना, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुमी मागं अर्ज लिवायला आलावता न्हवं? गवती चहा म्याच केला हुता," ती म्हणाली. "पर आता सायबांना कसं भेटनार, दादा? घरात कुनीच न्हाई."